खालची चार पानं

यंत्रावर आकडा आला एकवीस, आणि मी यंत्राला एक चापट मारली.

आकडा हलला नाही. चिमटा लावला होता तो ज्वारीच्या ताटाच्या वरून सातव्या पानाला, म्हणजे जवळजवळ बुडातल्या. गेले बारा दिवस मी रोज पन्नास-पन्नास ताटं मोजत होते आणि या सातव्या पानानं कधी आठ-नऊच्या वर मजल मारली नव्हती. शेंड्याकडची पानं तीस-बत्तीस दाखवायची, मधली पंचवीस, आणि हे बुडातलं आठ. इतकं ठरलेलं, की आकडा यायच्या आधीच मी वहीत आठ लिहायला घ्यायचे.

"काय झालं वो म्याडम?" केवळाबाईंनी विचारलं.

"यंत्र तापलंय."

"तापंल न्हाई तर काय करंल? माझं टकुरं तापलंय, ती तर पेटी हाय."

मी वहीतला एकवीस खोडला, शेजारी 'बॅटरी' असं लिहिलं आणि पुढच्या ताटाकडे गेले. तिथं सातवं पान गुमान आठ दाखवायला लागलं. माझा जीव भांड्यात पडला.

ही गोष्ट १९९७ च्या जानेवारीतली. मी तेवीस वर्षांची होते आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एका ज्वारी संशोधन केंद्रावर एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं काम करत होते. केंद्राचं नाव मुद्दामच सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. माझा विषय सांगायला सोपा होता. पान हवेतला वायू आत ओढतं आणि उन्हाच्या जोरावर त्याचं अन्न करतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण एकाच ताटाची सगळी पानं सारखं काम करत नाहीत. वरची तरणी असतात, उन्हात असतात. खालची म्हातारी, त्यात वरच्यांच्या सावलीत. कोणतं पान किती वायू ओढतं, हे ते यंत्र मोजायचं. पानाला चिमटा लावला की आत हवेचा फुसफुस आवाज व्हायचा, म्हणून मजूर बाया त्याला दम्याची पेटी म्हणायच्या. मी जाताना दिसले की एखादी हमखास विचारायची, "आज कुणाला धाप लागलीया म्हणायची?"

मोजायची पद्धत आमच्या सरांनी घालून दिलेली होती. सकाळी दहा ते साडेबारा, ऊन कडक असताना. खालचं पान तेव्हा सावलीत असायचं. मग त्याची वरच्या पानाशी तुलना न्याय्य कशी होणार? म्हणून केवळाबाई वरची पानं बाजूला सारायच्या, खालचं पान हलकेच उन्हात ओढून एका काठीला दोऱ्यानं बांधायच्या, मी चिमटा लावायचे, एक मिनिट थांबायचे आणि आकडा लिहायचे. एका ताटाला तीन मिनिटं. केवळाबाई पन्नाशीच्या, केंद्रावर रोजंदारीवर वीस वर्षं. त्यांच्या हातून तीन वर्षांत एकही पान फाटलं नव्हतं आणि हे त्या स्वतःच चारचौघींत सांगायच्या.

सर म्हणजे डॉ. बिराजदार. तीस वर्षं ज्वारीत घालवलेला माणूस. एकतीस मेला निवृत्त होणार होते आणि त्याआधी त्यांना शेतकऱ्यांसाठी आपल्या नावावर एक शिफारस हवी होती. नोकरीभर इतरांच्या शिफारशींना आकडे पुरवले, स्वतःची एकही नाही, हे शल्य त्यांना होतं. आता ती होत आली होती. कणसं निसवून दाणा भरायला लागला की ज्वारीची खालची चार पानं काढून जनावरांना घालावीत; ती पानं आयतं खातात, काम करत नाहीत, धान्य काही घटत नाही. हिरव्या वैरणीच्या टंचाईच्या दिवसांत याहून चांगलं काय? माझ्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांनी दोन वर्षं मोजलं होतं, मी तिसरं. पंचवीस जानेवारीला केंद्रावर मेळावा होता. पत्रकं छापून आली होती.

आणि माझंही त्यात अडकलेलं होतं. जूनपर्यंत पदवी हातात आली तर केंद्रावरच संशोधन सहायकाची जागा होती आणि सरांनी माझं नाव वर कळवलं होतं.

आकडा खोडल्याच्या दुसऱ्या दिवशी दोरा बांधता बांधता केवळाबाई म्हणाल्या, "म्याडम, कालचा त्यो आकडा तुमी खोडला न्हवं का?"

"हो. चुकीचा होता."

"आपून ब्याटरी आणाय हाफिसात गेलतो बगा. पान मी आदीच बांधलेलं. येस्तवर अर्धा तास झाला आसंल. तवर त्ये उनातच व्हतं."

"मग?"

"मग काय न्हाई. मला वाटलं, त्येला जाग आली आसंल."

मी हसले. "अहो, पान आहे ते. ऊन पडलं की काम सुरू. त्याला वेळ कशाला लागेल?"

"तुमी लागता व्हय उठल्या उठल्या कामाला? मला तर दोन भाकरी थापस्तवर डोळं उगडत न्हाईत."

जेवणाच्या सुट्टीत मी ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढलं. शोधावंही लागलं नाही. सावलीतल्या पानाची छिद्रं बरीचशी मिटलेली असतात. ऊन आल्यावर ती उघडायला आणि आतलं काम सुरू व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. हे मी वाचलेलं होतं. इतकंच नाही, परीक्षेत त्यावर टीप लिहून पाचपैकी साडेचार मार्क मिळवले होते. आणि शेतात जाऊन त्याच पानाला झोपेतून ओढून काढत, एका मिनिटात त्याचा आकडा घेऊन, सहाशे वेळा लिहून ठेवलं होतं की हे पान आळशी आहे.

तोंडात मारल्यासारखं झालं. तरी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. शेतात कोण पान बांधून ठेवतंय? ते दिवसभर सावलीतच राहणार, तेव्हा त्याचा आठ हाच खरा आकडा. दुसऱ्या दिवशी हे मी केवळाबाईंनाही ऐकवलं, जणू त्याच माझ्या परीक्षक.

"दिवसभर कुठं सावलीत?" त्या म्हणाल्या. "आमी आठाला येतो तवा ऊन ह्या दोन काकऱ्यांच्या मदनं सरळ आत शिरतंय. बुडापतुर. तुमीच दहाला येता."

काकऱ्या म्हणजे ज्वारीच्या ओळी. आमच्या शेतातल्या सगळ्या ओळी पूर्व-पश्चिम होत्या. मी पुढचे तीन दिवस सकाळी साडेसातला शेतावर हजर राहिले. केवळाबाई म्हणत होत्या तसंच होतं. दहापर्यंत आणि पुन्हा साडेतीननंतर तिरकं ऊन दोन ओळींमधून थेट खालच्या पानांवर पडायचं. न ओढता, न बांधता, साडेआठ वाजता सातव्या पानाचा आकडा आला सोळा. मग दुपारी दहा ताटांवर अर्धा-अर्धा तास पान उन्हात बांधून मोजलं. एकोणीस, बावीस, सतरा, वीस. दोन पिवळी पडलेली पानं मात्र काही केल्या हलली नाहीत, ती खरंच संपलेली होती. बाकीची वरच्या पानाइतकं नसलं तरी निम्म्याहून जास्त काम करत होती. आणि आमच्या सरांनी मोजायला जी वेळ निवडली होती, ती नेमकी त्यांच्या विश्रांतीची.

तेवीस तारखेला मी वही घेऊन सरांच्या खोलीत गेले. टेबलावर पत्रकांचे गठ्ठे होते, वरच्यावर जाड टाइपात 'खालची चार पाने काढा, वैरण मिळवा'. सरांनी वही बघितली. पानं मागे-पुढे केली.

"दहा ताटं," ते म्हणाले.

"हो सर."

"दहा ताटांवर तीन वर्षं पुसायची?"

"सर, तिन्ही वर्षं एकाच पद्धतीनं मोजलंय. तिन्ही वर्षं एकच चूक असणार."

"आणि पानं काढून पाहिली ती? दोन वर्षं काढली. धान्य कमी आलं?"

"नाही आलं. पण आपली जमीन भारी आहे सर, आणि आपण एक पाणी दिलं होतं. लोकांकडे हलकी रानं आहेत, पाणी नाही. खालची पानं मुळांना पोसतात. ती काढली आणि मुळं उपाशी राहिली, तर ताटं पोकळ होऊन..."

"खडखड्या रोग. ताटं आडवी होतात. मला शिकवू नका ढोले, हे तुम्हाला मीच शिकवलंय."

सर रागावले नव्हते, हेच मला जास्त जड गेलं. वही मिटून त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"परवाचा मेळावा होऊन जाऊ दे. मग बघू. तुमचा प्रबंध जूनमध्ये जायला हवा ना?"

"हो सर."

ही धमकी नव्हती. खरोखर काळजीनं विचारलं होतं. आणि मी वही उचलून बाहेर आले. दाराबाहेर आल्यावर वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते. मी सांगितलं होतं. आता पुढचं सरांचं काम.

पंचवीस तारखेला मांडवात चारशेच्या आसपास शेतकरी होते. हुरड्याचे दिवस, म्हणून मेळाव्यानंतर हुरडा होता आणि गर्दीचं खरं कारण तेच होतं. व्यासपीठावर केंद्राचे मोठे साहेब, बाजूच्या खुर्चीवर मी. सर चांगले बोलायचे. कोणतं पान काय काम करतं, हे त्यांनी हातात अख्खं ताट धरून दाखवलं. लोक मान डोलावत होते. प्रत्येकाच्या हातात पत्रक होतं.

प्रश्नांच्या वेळी तिसऱ्या रांगेतून एक जण उठले. साठीचे, काटक, पांढरी टोपी. नाव सांगितलं, सिद्राम खांडेकर.

"सायेब, माजं चार एकर हाय. मुरमाड रान. दाणा भराय लागलाय. तुमी म्हंता तर उद्या सकाळीच पानं काढतो. गडी सांगून ठिवल्यात. पर एक इचारतो. ताट पडणार न्हाई न्हवं?"

सर माईक धरून उभे होते. त्यांची नजर हातातल्या ताटाच्या बुडाकडे गेली. मग ते माझ्याकडे वळले.

"हे सगळं मोजमाप आमच्या ढोले मॅडमनी केलंय," ते म्हणाले. "त्याच सांगतील."

आणि माईक माझ्या हातात आला.

चारशे माणसं, मोठे साहेब, आणि सर माझ्याकडे न बघता ताटाची पानं सरळ करत होते. उद्या काही झालं तर नाव माझं, हे मला तिथंच कळलं. मला बळीचा बकरा केलं होतं.

सिद्राम खांडेकर आता माझ्याकडे बघत होते. "सांगा बाई," ते म्हणाले. "तुमी म्हंताल तसं."

"उद्या काढू नका," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की मागून कुणीतरी "जोरात!" म्हणून ओरडलं. मग मी जोरात सांगितलं. पानं मी चुकीच्या वेळी मोजली. दुपारी ती सावलीत असतात, तेव्हा मोजली. सकाळ-संध्याकाळी ती चांगलं काम करतात, ते मोजलंच नाही. केंद्राच्या भारी जमिनीत पाणी देऊन पानं काढली तेव्हा धान्य घटलं नाही, पण मुरमाड रानात, कोरडवाहू ज्वारीत काय होईल ते आम्ही पाहिलेलं नाही. ताट पडेल की नाही, मला माहीत नाही.

"मग ह्यो कागद कशाला वाटला?" कुणीतरी विचारलं, आणि मांडव हसला.

मोठे साहेब सरांकडे बघत होते. सरांनी माझ्या हातून माईक घेतला. "पत्रकं जाताना टेबलावर ठेवा," एवढंच म्हणाले आणि पुढच्या पाहुण्यांचं नाव पुकारलं.

पत्रकं गोळा करायचं काम केवळाबाई आणि इतर बायांवर आलं. चारशेतली सव्वाशे-दीडशे परत मिळाली. बाकीच्यांवर लोकांनी हुरडा खाल्ला.

त्यानंतर पंधरा दिवस सर माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलले ते कामापुरतं. शिफारस बारगळली. एकतीस मेला त्यांना शाल-श्रीफळ मिळालं, भाषणं झाली, त्यांच्या एकाही शिफारशीचा उल्लेख कुणी केला नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतं. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. माझं वर्ष वाया गेलं आणि सहायकाच्या जागेवर दुसरा मुलगा लागला. पुढच्या रब्बीत सिद्रामअण्णांच्याच रानाचा एक कोपरा मागून घेऊन मी सगळं पहिल्यापासून मोजलं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पानं काढलेल्या ओळींत ताटं जास्त पडली. किती जास्त ते प्रबंधात आहे. केवळाबाई त्या वर्षीही दोरा बांधायला होत्या.

पुढे मला दुसरीकडे नोकरी लागली, शिकवायला लागले. सरांवरचा राग मात्र मी नीट जपून ठेवला. विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगायचे ती अशी, की बघा, वेळ आली की मोठी माणसं लहानांना पुढे ढकलतात आणि स्वतः ताटाची पानं सरळ करत बसतात. मुलं हसायची. मला बरं वाटायचं.

२०११ साली एका लग्नासाठी सोलापूरला गेले होते, तेव्हा सरांना भेटायला गेले. का गेले ते मलाही सांगता येणार नाही. सर बहात्तरीच्या घरात, गुडघे धरलेले, पण डोकं स्वच्छ. काकूंनी चहा दिला. ज्वारीचं बोललो, जुन्या लोकांचं बोललो. केवळाबाई दोन वर्षांपूर्वी वारल्याचं सरांकडूनच कळलं. त्यांना ते ठाऊक होतं, मला नव्हतं. मग मी विचारून टाकलं.

"सर, त्या दिवशी माईक माझ्याकडे का दिलात?"

त्यांनी कोणता दिवस असं विचारलं नाही.

"खोटं बोलायला जीभ रेटेना," ते म्हणाले. "आणि खरं बोलायचं, तर चार महिने राहिले होते हो माझे. म्हटलं, तुम्ही काय बोलाल ते."

"आणि मी म्हणाले असते, काढा पानं, तर?"

"तर मी मान डोलावली असती. पुढं ताटं पडली असती तर म्हणालो असतो, ढोलेंनी मोजलं होतं."

चौदा वर्षं मी ज्याचा राग धरला होता ते अगदी खरं निघालं. रागवायला हवं होतं. पण सरांनी ते इतक्या सरळ सांगितलं, की मलाही राहवेना.

"सर, मीसुद्धा तेच म्हणणार होते," मी म्हणाले. हे मी तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं, विद्यार्थ्यांना तर नाहीच. "माईक हातात आला तेव्हा माझ्या तोंडात 'हो, काढा' हेच शब्द तयार होते. जागा डोळ्यांपुढं होती. तुम्हालाही बरं वाटलं असतं."

"मग?"

"त्या सिद्रामअण्णांनी माझ्याकडे बघून विचारलं. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाले. मग नाही जमलं."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"विचारलं होतं त्यांनी," ते म्हणाले. "पण आधी माझ्याकडे बघून विचारलं होतं, ढोले."